किल्लीला नॉब

मोटरसायकलला लावायच्या पेट्यांची किल्ली पाहिली, की ती बनवणाऱ्याने हातमोजे घालून एकदाही पेटी उघडून पाहिली नसावी अशी शंका येते. पात्याची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, आणि डोकं अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं. शोरूममध्ये ती झकास फिरते. लडाखात पहाटे बोटं गारठलेली असतात, झाकणाचं रबर आखडलेलं असतं, तेव्हा तीच किल्ली चिमटीत नीट सापडत नाही. बरं, ती दिवसातून एकदाच लागते असंही नाही. रेनकोट काढायचा, किल्ली हवी. पाण्याची बाटली हवी, पुन्हा किल्ली. चेकपोस्टवर कागद दाखवायचे, तरी किल्लीच.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा आणि सुट्टी मिळाली की हिमालयन काढून निघणारा एक भाचा ही तक्रार घेऊन कोल्हापूरला मामांकडे आला. शिवाजी उद्यमनगरात मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, पिना अशी कामं तिथे चालतात. भाच्याच्या गाडीला दोन साइड बॉक्स आणि मागे एक टॉप बॉक्स, तिन्हींना किल्ली एकच. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. किल्लीचं डोकं कापून त्या जागी पितळेचा गोल नॉब बसवला होता आणि ती किल्ली कुलपातच ठेवलेली होती.

"असे तीन करून द्या मामा. एकदा घातले की काढायचेच नाहीत. जायचं, फिरवायचं, उघडायचं."

मामांनी फोटो मोठा करून पाहिला. "म्हंजे किल्ली कुलपातच ऱ्हाणार?"

"हो."

"मग कुलूप कशाला पायजे? कडी लाव की."

"मला कडीच हवी आहे," भाचा म्हणाला. "पण पेटीवाल्याने कडीच ठेवलेली नाही. झाकण बंद धरून ठेवतं ते कुलूपच, आणि ते किल्लीशिवाय हलत नाही. दिवसभर मी ते कडीसारखं वापरतो, कुलूप म्हणून ते फक्त रात्री लागतं. दिवसभराच्या त्रासाचा विचार कोणी करायचा?"

भाच्याच्या बोलण्यात तथ्य होतं. या पेट्यांचा इतिहासच त्याच्या बाजूने साक्ष देतो. गाडीवरून पटकन सुटणाऱ्या कडक पेट्यांना युरोपात नाव मिळालं ते सत्तरच्या दशकात. जर्मनीत क्राउझरच्या पेट्या बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर दिसू लागल्या. इटलीत जुझेप्पे विझेन्झी या माजी ग्रांप्री रेसरने १९७८ मध्ये गिवी ही कंपनी काढली. तिच्या एका प्रसिद्ध पद्धतीचं नावच 'मोनोकी'. एकाच किल्लीने झाकण उघडायचं आणि त्याच किल्लीने अख्खी पेटी गाडीवरून सोडवायची. हॉटेलात पोचलात, पेटी बॅगेसारखी उचलली आणि खोलीत नेली. दिवसभरात दहा वेळा थांबणाऱ्याचा हिशेब त्यात फारसा धरलेला नव्हता.

पण हीच गोष्ट मामांनी उलट बाजूने धरली. "एकच किल्ली झाकणबी उघडती आणि पेटीबी सोडवती, असं तूच म्हणतोस. मग तुझा नॉब नुसतं झाकण न्हाई उघडत. चोराला पेटी उचलून द्यायला हात लावतोय तो."

भाच्याकडे उत्तर तयार होतं. ही कुलपं तशीही कचकड्याची असतात. घराच्या दाराला असतं तसं खटक्यांचं कुलूप इथे बहुधा नसतंच. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला एक फिरता गाभा असतो आणि त्यात पाच-सहा पितळी पट्ट्या बारीक स्प्रिंगांवर बसवलेल्या असतात. किल्ली नसताना पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन भोवतालच्या खाचेत अडकतात आणि गाभा फिरू देत नाहीत. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या गाभ्याच्या आत सरकतात आणि गाभा मोकळा होतो. जाडजूड स्क्रू ड्रायव्हर घालून जोरात पिळला, तर अशा कुलपाचा बऱ्याचदा निकाल लागतो. "म्हणजे ज्याला उघडायचंच आहे तो उघडणारच," भाचा म्हणाला. "मग मीच का रोज बोटं मोडून घ्यायची?"

"स्क्रू ड्रायव्हर घालणारा येगळा," मामा म्हणाले. "तू धाब्यावर जेवतोयस, गाडी बाहेर हाय. तिथं एक पोरगं येतंय, काय चमकतंय बघतंय, फिरवतंय. त्याला चोरी करायचीच न्हाई. पण झाकण उघडलं आणि आत कॅमेरा दिसला, की मग काय करंल ते त्यालाबी म्हाईत न्हाई. ह्या दुसऱ्या जातीची माणसं पह्यल्यापेक्षा लई जास्त."

यानंतर वाद जिथे गेला, तिथे जाईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. तिन्ही पेट्यांची किल्ली एक आहे, हे भाचा सोय म्हणून सांगत होता. मामांना त्यातच खोट दिसली. डाव्या पेटीतला नॉब कोणी उपसून नेला, तर टॉप बॉक्सही त्याचाच, आणि टॉप बॉक्समध्ये लॅपटॉप. नेण्याचीही गरज नाही, फोटो काढला तरी पुरे. इथे मामांचा संशय अतिरेकी वाटेल, पण त्याला आधार आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी १९५ फुटांवरून, गच्चीवरून टिपलेल्या फोटोतून टेबलावर पडलेल्या किल्लीच्या खाचा मोजून दाखवल्या होत्या. आणि प्रवासी बॅगांचीच गोष्ट घ्यायची तर अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणी करणाऱ्यांकडे ठरावीक कुलपांच्या 'मास्टर' किल्ल्या असतात. त्या किल्ल्यांचा स्पष्ट फोटो २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर काढता येतील असे त्यांचे आराखडे जगभर फिरू लागले. ज्यांनी पैसे मोजून 'मान्यताप्राप्त' कुलपं घेतली होती, त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही.

"माझ्या एका मित्राला तर याहून सोपं पडलंय," भाचा म्हणाला. "त्याच्या बीएमडब्ल्यूच्या पेट्यांची कुलपं गाडीच्याच किल्लीला जुळवून घेतलीत. इग्निशनलाही तीच. तो म्हणतो, त्याच्यासाठीही नॉब करा."

मामांनी हातातला व्हर्निअर खाली ठेवला. "पेटीत किल्ली ठेवून गाडी रस्त्यावर लावणार व्हय तो?"

याला बीएमडब्ल्यूच्याच इतिहासातून एक गमतीदार उत्तर देता आलं असतं. १९६९ साली बाजारात आलेल्या '/५' मालिकेतल्या गाड्यांची किल्ली म्हणजे हेडलाइटच्या डोक्यावर खुपसायचा एक खिळाच होता, आणि बॉशची ती किल्ली सगळ्या गाड्यांना सारखीच. एकाच्या किल्लीने दुसऱ्याची गाडी चालू व्हायची. त्या काळच्या मालकांना हे परवडलं, कारण चोराला खरं काम हँडल-लॉकपाशी करावं लागे. आज इन्शुरन्स कंपनी चोरीच्या दाव्यावर पहिला प्रश्न विचारते तो दोन्ही किल्ल्यांचा. त्यातली एक पेटीत होती, हे सांगताना त्या मित्राची पंचाईत होईल.

भाच्याने मग वेगळी बाजू लावून धरली. मामांच्या शटरच्या किल्लीला, डोक्याच्या जागी, मामांनीच वेल्ड केलेला आडवा बोल्ट आहे. सांधे दुखायला लागले तेव्हापासून. "तुमच्या किल्लीला चालतो, माझ्या किल्लीला नाही?"

मामा हसले. "माझा बोल्ट शटर उघडलं की खिशात जातोय."

या एका वाक्याने वादाची फोड झाली. नॉबला मामांचा विरोध नव्हताच. संधिवाताच्या रोग्यांसाठी किल्लीला मोठी मूठ लावायची साधनं औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळतात, त्यात नवल काही नाही. विरोध होता तो किल्लीने कुलपात मुक्काम ठोकण्याला. आणि त्याची कारणं नुसती चोरीची नव्हती. पेटीच्या कुलपाच्या तोंडाशी बहुधा एक बारीक झडप असते. किल्ली बाहेर आली की ती स्प्रिंगने मिटते आणि धूळ-पाणी बाहेर ठेवते. किल्ली कायम आत राहिली तर झडप कायम उघडी. स्पितीची पिठासारखी धूळ आणि आंबोलीचा पाऊस आत जायला तेवढी वाट पुरते. मग स्प्रिंग गंजतात, पट्ट्या अडकतात, आणि ज्या सोयीसाठी हे सगळं केलं तीच जाते. त्यावर तेल सोडणं म्हणजे धुळीला गोंद देणं. कुलपात कोरडं ग्रॅफाइट टाकावं, हे मामांचं मत आणि बऱ्याच कुलूपवाल्यांचंही.

शिवाय किल्ली आत असते तेव्हा पट्ट्या मागे सरकलेल्या असतात. म्हणजे गाभ्याला अडवायला घर्षणाशिवाय आणि एखाद्या खटक्याशिवाय काही उरत नाही. त्या अवस्थेत किल्लीच्या डोक्याला वजन लावून गाडी खड्ड्यांतून पळवली तर काय होईल? जनरल मोटर्सला याचं उत्तर फार महागात पडलं. तिच्या शेवरोले कोबाल्टसारख्या काही गाड्यांत इग्निशनचा खटका हवा त्यापेक्षा हलका होता. जड जुडग्याचा झोका बसला किंवा गुडघा लागला, की धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी मान्य केला. तात्पुरता उपाय म्हणून मालकांना सांगितलं काय, तर किल्लीला जुडगा लावू नका, एकटी किल्ली वापरा. त्या किल्लीच्या डोक्यात गोल भोकाऐवजी लांबट खाच होती. जुडगा त्या खाचेत एका टोकाला सरकून लोंबायचा आणि त्याचा पीळ वाढायचा. पुढे खाचेच्या जागी भोक आलं. पेटीचं झाकण उघडलं म्हणून कोणाचा जीव जाणार नाही हे खरं, पण पीळ तिथेही तसाच बसतो.

"म्हणून गोल पायजे," मामा म्हणाले. "बरोब्बर मधोमध. टी-हँडल न्हाई, फुलपाखरू न्हाई. गोलाला खाली वडणारी बाजूच नसती. कितीबी हादरू दे, आपणहून फिरणार न्हाई."

"पण गोल हातातून सटकतो."

"नर्लिंग मारतो की. खडबडीत."

मग सुरू झाला नॉब कशाचा करायचा यावरचा घोळ. भाच्याला पितळ हवं होतं, फोटोतल्यासारखं. मामांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. वीस मिलिमीटर व्यासाचा, वीस मिलिमीटर उंचीचा नॉब पितळेचा केला तर साधारण ५३ ग्रॅम, ॲल्युमिनियमचा १७. जो भार दोन मिलिमीटरच्या पात्यावर आणि मऊ धातूच्या गाभ्यावर अधांतरी लोंबणार, तो तिप्पट कशाला करायचा? भाच्याने ऑफिसातल्या मित्राकडच्या थ्रीडी प्रिंटरचा विषय काढला. पण त्या प्रिंटरवर जे नेहमीचं प्लास्टिक चालतं, ते पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर उन्हात उभ्या गाडीचा काळा भाग तेवढा सहज तापतो. लाकूड सुचवलं मामींनी, चहा आणता आणता. सावंतवाडीच्या लाखकामासारखा रंगीत नॉब दिसेल छान, हे कोणी नाकारलं नाही, पण पावसाळ्यात लाकूड फुगून पात्याभोवतीची खाच तडकेल म्हणून तो बेत बाजूला पडला. ठरलं ॲल्युमिनियम. पितळेची हौस म्हणून वर एक पातळ चकती बसवायची. त्याला मामांची हरकत नव्हती.

आता मूळ प्रश्न उरला होता. किल्ली आत राहणार की नाही? तोडगा मामांनी काढला, आणि भाच्याला तो आधी अजिबात आवडला नाही.

"डाव्या पेटीचं कुलूप खोलतो. आतल्या पट्ट्या काढून टाकतो. मग ते कुलूपच न्हाई ऱ्हायलं. त्यात नॉब कायमचा चिकटवतो. तुला कडी पायजे हुती, घे कडी. बाकी दोन पेट्यांची किल्ली हाय तशी ठेव, डोक्याला नॉब लावून. ती गळ्यातल्या दोरीत."

"चांगलं कुलूप फोडायचं?"

"फोडायचं कुठं? शिलिंडर सुट्टा मिळतोय. जुना काढून डब्यात ठेव, नवा आणून त्याचं पोट मोकळं करू. गाडी विकायची तवा जुना परत बसवायचा."

यात मामा बरोबर आहेत. नावाजलेल्या कंपन्या बदलायचे सिलिंडर सुटे विकतात. गिवीच्या संचात एक, दोन किंवा तीन सिलिंडर एकाच किल्लीचे मिळतात. पट्ट्या काढल्या की किल्लीतलं गुपितही संपतं. नॉब उपसून नेणाऱ्याच्या हाती टॉप बॉक्सची किल्ली लागत नाही, कारण आत जातं ते बिनखाचांचं कोरं पातं. पण त्यात एक पेच आहे. पट्ट्यांच्या स्प्रिंगा किल्लीला थोडं धरूनही ठेवत असतात. त्या गेल्या की कोरं पातं पहिल्याच खड्ड्यात बाहेर पडेल. म्हणून ते गाभ्यातच अरल्डाइटने पक्कं करायचं. आणि काही सिलिंडरांत एक पट्टी अशी असते, की तिच्यावरच अख्खा गाभा घरात टिकून राहतो. ती ओळखून सोडून द्यायची. नाहीतर झाकणाबरोबर गाभाही हातात येतो.

एवढं ठरल्यावर काम भराभर झालं. भाच्याने मूळ किल्ली पुढे केली, मामांनी ती परत दिली. कापायची ती नेहमी डुप्लिकेट, आणि डुप्लिकेटही मूळ किल्लीवरून काढलेली. नकलेची नक्कल काढली की प्रत्येक वेळी खाचेत थोडा फरक पडतो, आणि नॉबच्या जोरावर चुकीची किल्ली दामटून फिरवली की पातं खांद्यापाशी मोडतं. नॉबने जोर वाढतो, पात्याची ताकद तेवढीच राहते. म्हणून मामांनी व्यास वीसच्या वर जाऊ दिला नाही, भाच्याला तीस हवा असूनही.

लेथवर रॉड फेसिंग करून झाला, नर्लिंगची चाकं दाबली गेली आणि चक थांबल्यावर नॉबच्या अंगावर बारीक हिऱ्यांची जाळी उमटली. खालच्या तोंडाला मामांनी खोलगट कड काढली आणि तिच्यात रबरी ओ-रिंग बसवली. नॉब आत गेला की रिंग कुलपाच्या तोंडावर दाबून बसते, म्हणजे उघड्या राहिलेल्या झडपेचं काम ती करते. खाच पाडायला हॅक्सॉच्या फ्रेममध्ये दोन ब्लेड एकाला एक लावून चढवली. एका ब्लेडची खाच दोन मिलिमीटरच्या पात्याला अपुरी पडते. उरलेलं कानशीने भागवलं.

ब्रेझिंगची शेगडी जवळच होती, पण मामांनी ती पेटवली नाही. ब्रेझिंगला सहाशे अंशांच्या वर तापमान जातं आणि तेवढ्या आचेत पितळी पात्याचा कडकपणा उतरतो, मग ते पिळलं जातं. त्यापेक्षा एक आडवी पिन आणि अरल्डाइट बरं. घासकागदाने दोन्ही अंगं खरवडली, अरल्डाइट लावलं, आणि मग मामांनी जे केलं ते भाच्याने मोबाइलवर टिपून घेतलं. त्यांनी पातं बाहेर ठेवून नॉब बसवला नाही. किल्ली आधी कुलपात घातली, कुलपाच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवला, वरून नॉब सरकवला आणि हळूहळू फिरवत राहिले. किल्लीचं पातं गाभ्याच्या बरोबर मध्यावर असतंच असं नाही, किंचित बाजूला असू शकतं. पात्यावरून मध्य धरला तर नॉब फिरताना लचकतो. कुलूप ज्या अक्षावर फिरतं, त्यावरून धरला तर लचकत नाही. दोन-तीन वेळा बोटाने ढकलून मामांनी लचक काढली आणि रात्रभर हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वाद उरला तो कडी कुठल्या पेटीला, एवढ्याचाच. भाच्याला डावीच हवी होती. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो, सामान काढताना पाठीमागून ट्रक जाणार नाही. मामांचं म्हणणं, डावी बाजू फुटपाथला असते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात तिकडेच. दोन्ही खरं होतं. शेवटी ट्रकची भीती वरचढ ठरली. डाव्या पेटीत रेनकोट, बाटली, पंक्चरचं किट आणि चेन ल्यूब. कॅमेरा नाही, कागद नाहीत, असा तह झाला.

निघताना भाच्याने पुन्हा मित्राचा विषय काढला. "त्याला काय सांगू?"

"आदी म्हणावं, शिलिंडर नवा घे, गाडीच्या किल्लीशी जुळवू नको," मामा म्हणाले. "आणि रॉड येताना घेऊन ये. माझा संपला."